‘तहकूब’चं ‘रद्द’ कसं झालं : जिल्हा पानावरच्या एका शीर्षकाचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ, वाशिम, अमरावती या पट्ट्यातल्या कुठल्याही तालुक्यात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घडू शकेल असं हे नमुना प्रकरण आहे. गाव, दैनिक आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. गावातले आकडे आणि वेळा समजावण्यापुरत्या धरल्या आहेत. कायद्यातल्या तरतुदी, पान तयार होण्याची रीत आणि चूक शिरण्याच्या जागा मात्र प्रत्यक्षात आहेत तशाच घेतल्या आहेत.

घडलं काय

१,९०० मतदारांचं गाव. २ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजता ग्रामसभा. विषयपत्रिकेवर घरकुलाच्या यादीवरचे आक्षेप आणि पुढच्या वर्षीचा गाव विकास आराखडा, म्हणजे गावाला खरोखर रस असलेले दोन विषय. पण दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर सोडवत नाहीत, थ्रेशरवाल्याकडे नंबर लागलेला, वरून आभाळ भरून आलेलं. सभेला ४३ जण आले. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती लागते. १,९०० चे १५ टक्के २८५ होतात, म्हणून इथे १०० चा आकडा लागू. ५७ माणसं कमी पडली. सरपंचांनी सभा तहकूब केली आणि ९ ऑक्टोबर, तीच वेळ, तीच जागा असं जाहीर केलं.

३ ऑक्टोबरच्या अंकात, जिल्हा पुरवणीच्या पान ३ वर, दोन कॉलममध्ये शीर्षक आलं : ‘गणपूर्तीअभावी ग्रामसभा रद्द’.

खालच्या मजकुरात ‘तहकूब’ हाच शब्द होता. पुढची तारीखही होती, पण शेवटच्या परिच्छेदात. गावातल्या कुणीतरी शीर्षक आणि पहिल्या दोन ओळींचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि तेवढाच तुकडा फिरला. ९ तारखेला २७ जण आले. तहकूब होऊन पुन्हा भरणाऱ्या सभेला गणपूर्तीची अट नसते. तिथे नवा विषय घेता येत नाही, पण आधीच्या विषयपत्रिकेवरचे विषय निकाली काढता येतात. त्यामुळे २७ जणांत आक्षेपांवर निर्णय झाला आणि आराखडाही मंजूर झाला. १० तारखेला ज्यांचे आक्षेप फेटाळले गेले ते वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन पंचायत समितीत गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं की वर्तमानपत्राचं शीर्षक ही सभेची नोटीस नव्हे.

सभा रद्द झाली तर ती पुन्हा बोलवावी लागते, नोटीस नव्याने काढावी लागते, गणपूर्ती पुन्हा मोजावी लागते. म्हणजे ‘रद्द’ वाचणाऱ्याला घरी बसण्याची मुभा आहे. ‘तहकूब’ वाचणाऱ्याला ती नाही. उलट, गणपूर्तीची अट गेल्यामुळे त्याने पहिल्या सभेपेक्षा दुसरीला जाणं जास्त गरजेचं आहे. चूक नेमकी कायद्याच्या या सांध्यावर बसली. इतर कुठल्या बातमीत हाच शब्द चुकला असता तर बहुधा कुणी फोनही केला नसता.

मजकुराचा प्रवास

तालुका वार्ताहराचा मजकूर दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी व्हॉट्सॲपवर आला. फोनवर बोलून टंकलेला, विरामचिन्हांशिवाय :

‘गणपूर्ती अभावी ग्रामसभा तहकूप करण्यात आली पुढील सभा ९ आक्टोबर रोजी होणार आहे तरी ग्रामस्थांनी उपस्थित राहण्याचे आव्हान ग्राविअ यांनी केले आहे’

या एका वाक्यात पुढच्या सगळ्या चुकांचं बियाणं आहे. ‘तहकूप’ आणि ‘आक्टोबर’ या दोन चुका कुणालाही दिसतात, कारण असे शब्दच नाहीत. उपसंपादकाने त्या लगेच दुरुस्त केल्या. ‘आव्हान’ तसंच राहिलं. तो शब्द खरा आहे, फक्त इथे नको होता. सभेला या असं सांगणं हे आवाहन, हिंमत असेल तर या असं म्हणणं हे आव्हान. आणि ‘ग्राविअ’ या संक्षेपाची फोड करताना ‘गटविकास अधिकारी’ झालं. ‘ग्राविअ’ म्हणजे ग्रामविकास अधिकारी, गावचा माणूस. ‘गविअ’ म्हणजे गटविकास अधिकारी, पंचायत समितीचा प्रशासकीय प्रमुख. लाचेच्या बातमीत हीच अदलाबदल झाली असती तर मामला अब्रुनुकसानीपर्यंत गेला असता. त्यात २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. गावातली माणसं अजून ग्रामसेवकच म्हणतात, वार्ताहर जुना संक्षेप लिहितो, पत्रकात नवं पदनाम असतं. डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पान तयार होतं तिथे, तिन्ही एकाच दिवशी येतात.

म्हणजे शीर्षकाला हात लागण्याआधीच मजकुरात दोन चुका होत्या आणि दोन्ही पाहणाऱ्याच्या नजरेखालून गेल्या होत्या. एक त्याला दिसली नाही, दुसरी त्यानेच घातली.

पान लावताना दोन कॉलमच्या जागेत, ठरलेल्या टंकाच्या आकारात, एका ओळीत साधारण १४ अक्षरं बसत होती. उपसंपादकाने दिलेलं शीर्षक ‘गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब’ १५ अक्षरांचं. एक अक्षर बाहेर. टंक लहान करायचा तर शेजारच्या शीर्षकाशी मेळ बसत नाही. पान लावणाऱ्याने हाक मारली आणि समोरून उत्तर आलं, ‘तहकूबच्या जागी रद्द टाक.’ चारच्या जागी दोन अक्षरं. पान सुटलं.

ग्रामीण भागात जाणारी डाक आवृत्ती सगळ्यात आधी छापायला जाते, कारण गाडीला रात्रीतून शेवटच्या फाट्यापर्यंत पोहोचायचं असतं. शहर आवृत्तीच्या पानांना आणखी दोन-तीन तास मिळतात, एखादी चूक रात्री ११ ला कुणाच्या तरी लक्षात येते. डाकेच्या पानांना ती दुसरी नजर मिळत नाही. शब्दावर ज्यांचं सर्वाधिक अवलंबून आहे, ज्यांना दुसऱ्या वर्तमानपत्राशी ताडून पाहण्याची सोय कमी आहे, त्यांच्यापर्यंत सगळ्यात कमी तपासलेलं पान जातं. ही रचनेतली खोट आहे, कुणा एकाचा आळस नव्हे.

डोळ्याला का दिसत नाही

शुद्धलेखन तपासनीस हा शब्द यादीत आहे की नाही एवढंच बघतो. रद्द, आव्हान, गटविकास हे तिन्ही यादीत आहेत. तपासनीस गप्प बसणारच. मराठीसाठी लिब्रेऑफिसमध्ये किंवा फायरफॉक्समध्ये शब्दसूची बसवता येते आणि ती बसवावीच, पण या जातीच्या चुकीवर ती उतारा नाही. उलट तिच्यामुळे एक धोका वाढतो : लाल रेघ दिसत नाही म्हणजे मजकूर साफ, अशी सवय लागते.

माणसाची नजरही फारशी वेगळी चालत नाही. बातमीचा अर्थ आधीच माहीत असलेला वाचक शब्दाच्या आकारावरून पुढे सरकतो. ‘उपस्थित राहण्याचे’ एवढं वाचलं की पुढे आ, व, ह, न यांचा काहीतरी शब्द येणार हे ठरलेलं असतं आणि जो येतो तो मान्य होतो. पूर्वी मुद्रितशोधकाचं काम वेगळं असायचं. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची, दुसरा छापील प्रतीवर खुणा करी. त्या पद्धतीत शब्द अर्थाने नाही तर आवाजाने तपासला जाई, म्हणून ‘आवाहन’ आणि ‘आव्हान’ कानाला वेगळे लागत. बहुतेक जिल्हा कार्यालयांत ते पद आता उरलेलं नाही. जो बातमी लिहून घेतो तोच शीर्षक देतो, तोच पान पाहतो.

शीर्षकाची अडचण आणखी वेगळी. मजकूर दुरुस्त करताना माणूस निदान शब्दांकडे पाहत असतो. शीर्षक कापताना तो जागेकडे पाहत असतो. त्या क्षणी ‘तहकूब’ आणि ‘रद्द’ हे त्याच्यासाठी एकाच अर्थाचे, पण वेगळ्या लांबीचे दोन तुकडे असतात. सभेच्या आणि आदेशाच्या भाषेत हे शब्द मुळीच एकमेकांच्या जागी बसत नाहीत. तहकूब सभा त्याच विषयांसह पुढे भरते. स्थगिती निर्णयाच्या अंमलबजावणीला मिळते, बहुधा न्यायालयाकडून किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याकडून. रद्द म्हणजे संपलं. बरखास्त हा शब्द तर दोन्हीकडे चालतो : ‘सभा बरखास्त झाली’ म्हणजे लोक उठून गेले, ‘ग्रामपंचायत बरखास्त झाली’ म्हणजे निवडून आलेलं मंडळच गेलं. शीर्षकात ‘ग्रामसभा’ऐवजी घाईने ‘ग्रामपंचायत’ पडलं तर काय होईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

त्याच पानावर आणखी काय होतं

एका शब्दाची चौकशी करताना अख्खं पान पुन्हा वाचावं. चुका एकट्या येत नाहीत. ज्या दिवशी डेस्कवर माणूस कमी असतो त्या दिवशीचं पूर्ण पान तसंच असतं. नमुना पानावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विदर्भात हमखास येणाऱ्या बातम्या आणि जाहिराती धरल्या आहेत.

पहिली, दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्यांची. शीर्षकात ‘धम्मचक्र परिवर्तन दिन’. बरोबर शब्द प्रवर्तन : चक्र फिरतं करणं. परिवर्तन म्हणजे बदल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्यामुळे धर्मांतर, बदल, परिवर्तन अशी साखळी मनात तयार असते आणि हात चुकीच्या शब्दावर जातो. विदर्भाच्या वर्तमानपत्रात ही चूक अक्षम्य मानावी. वर्षानुवर्षं ती जाहिरातींत येते, आणि जाहिरातीचा मजकूर संपादकीय डेस्क वाचत नाही असा अलिखित नियम आहे. तो मोडायला हवा.

दुसरी, श्रद्धांजलीची जाहिरात : ‘आपल्या उपकारांचे सदैव कृतघ्न’. कृतज्ञ म्हणजे उपकार जाणणारा, कृतघ्न म्हणजे विसरणारा. रोमन अक्षरांनी मराठी टंकताना सुचवलेल्या पर्यायांत दोन्ही शब्द शेजारी येऊ शकतात आणि बोट खाली-वर होतं. इथे चूक छापली गेली तर जाहिरातीचे पैसे परत करून भागत नाही.

तिसरी चूक विम्याच्या बातमीत. ‘पिक विमा’. अकारान्त मराठी शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ असतो : पीक, मीठ, गूळ, फूल. विभक्तीचा प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो : पिकाला, मिठाचा, गुळाचा, फुलांचा. ‘पिकांचे नुकसान’ दिवसातून दहा वेळा टंकणारा ‘पिक’ही ऱ्हस्व टंकतो. ‘पिक’ हा संस्कृतातून आलेला शब्द कोकिळाच्या अर्थी आहेच, म्हणून संपूर्ण शब्दकोश वापरणारा तपासनीसही तो चूक म्हणेलच असं नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे लेखनाचे एकूण १८ नियम आहेत. जिल्हा डेस्कवर त्यातले ऱ्हस्व-दीर्घाचे पाच-सहा पाठ असले तरी निम्म्या चुका जातात. पण मनाशी क्रम ठेवावा. ‘पिक’ने वाचक हसतो, ‘रद्द’ने त्याचा आक्षेप बुडतो. वेळ एकाच दुरुस्तीला असेल तर कोणती करायची हे सांगायला नको.

चौथी चूक खास इथली. वार्ताहराने लिहिलं, ‘धुऱ्याच्या वादातून दोन भावांत हाणामारी’. विदर्भात धुरा म्हणजे शेताचा बांध. छापलं गेलं ‘धुराच्या वादातून’. इथे दोन शक्यता. एक, उपसंपादकाला शब्द माहीत नव्हता आणि त्याने स्वयंपाकघरातला धूर गृहीत धरला. दुसरी, त्याने काहीच केलं नाही, फॉन्ट बदलताना अक्षर पडलं. बऱ्याच ठिकाणी मजकूर युनिकोडमध्ये येतो, पान मात्र श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागतं. रूपांतराच्या वेळी सगळ्यात जास्त मार बसतो तो ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या अर्ध्या र च्या जोडांना. कधी त्याचा रफार होतो, कधी तो गळूनच पडतो. ‘शेतकर्यांना’ असं झालं तर ते निदान विचित्र दिसतं. पण ‘महाप्रसादातून विषबाधा, आचाऱ्यांची चौकशी’ याचं ‘आचार्यांची चौकशी’ झालं की कुणालाच संशय येत नाही, कारण आचारी आणि आचार्य हे दोघेही बातमीत बसतात. दऱ्या आणि दर्या यांचंही तेच.

विदर्भात हिंदीचा शेजार आहे, त्यातून येणाऱ्या चुका वेगळ्या ओळखाव्या लागतात. हिंदीतल्या पत्रकावरून घाईत बातमी केली की ‘विधेयकात संशोधन’ पडतं. मराठीत ती दुरुस्ती किंवा सुधारणा. हिंदीतली ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, आपली आपत्ती म्हणजे संकट : ‘ग्रामस्थांनी आपत्ती नोंदवली’ हे वाक्य गोंदियाकडच्या प्रतीत सहज येतं. हिंदीतला ‘राजीनामा’ म्हणजे पक्षकारांतली तडजोड. आणि उलट दिशेची एक गंमत : महसूल खात्याची ‘नजरअंदाज पैसेवारी’ म्हणजे नजरेने बांधलेला पिकाचा अंदाज. ती सप्टेंबरअखेर जाहीर होते, पुढे सुधारित आणि अंतिम येते, आणि ५० पैशांच्या वर की खाली यावर गावाचं बरंच काही ठरतं. हिंदीची सवय असलेला नवखा उपसंपादक ‘प्रशासनाने पैसेवारी नजरअंदाज केली’ असं शीर्षक देऊन मोकळा होतो, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने दुर्लक्ष केल्याची बातमी तयार होते.

दुरुस्तीच चूक घडवते तेव्हा

‘आव्हान’च्या चुकीनंतर डेस्कवर सूचना निघते : ‘आव्हान नाही, आवाहन लिहा.’ आठवड्याभरात ‘निकालाला नागपूर खंडपीठात आवाहन’ छापून येतं. कुणीतरी पूर्ण पानावर शोधा-आणि-बदला चालवलेलं असतं. शब्दजोडीची कुठलीही सूचना ‘हे नको, ते हवं’ अशी लिहू नये. दोन्ही शब्द, दोन्ही अर्थ आणि दोन्ही वाक्यं द्यावीत. एकदम सगळीकडे बदलण्याची आज्ञा तर या शब्दांना कधीच लावू नये. एकेक जागा शोधून, वाक्य वाचूनच बदल करावा. शोध युनिकोड मजकुरावरच घ्यावा, फॉन्ट बदलण्याआधी. जुन्या फॉन्टमध्ये एकच जोडाक्षर दोन-तीन तऱ्हांनी टंकलेलं असतं, तिथे शोध अर्धवट लागतो आणि खोटी खात्री देतो.

डेस्कवर काय बदलायचं

शब्दजोड्यांची यादी हवी, पण ती ए-फोर कागदाच्या एका बाजूवर मावली पाहिजे. चाळीस जोड्यांपुढे यादी गेली की कुणी पाहत नाही. क्रम अकारविल्हे नको, नुकसानीप्रमाणे हवा. सगळ्यात वर कायद्याने ज्यांचा अर्थ वेगळा आहे ते : तहकूब आणि रद्द, निलंबित आणि बडतर्फ (निलंबित कर्मचारी सेवेतच असतो, त्याला निर्वाह भत्ता मिळतो, चौकशी बाकी असते, बडतर्फाची नोकरी गेलेली असते), ताब्यात घेतलं आणि अटक केली, अविश्वास ठराव दाखल आणि पारित, संशयित, आरोपी आणि दोषी, जमावबंदी आणि संचारबंदी. शेवटच्या जोडीत एक फसवी जागा आहे. हे दोन्ही आदेश बहुधा एकाच कलमाखाली निघतात, पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचं १४४ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. त्यामुळे कलमाच्या आकड्यावरून शब्द ठरवता येत नाही. आदेशात किती जणांना एकत्र यायला मनाई आहे की घराबाहेर पडायलाच मनाई आहे, ते वाचावं लागतं. पदनामांच्या जोड्या (ग्रामविकास आणि गटविकास अधिकारी, वनरक्षक आणि वनपाल) याच गटात. त्याखाली अर्थ उलटवणारे : कृतज्ञ-कृतघ्न, अपेक्षित-उपेक्षित, आवाहन-आव्हान. ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या तळाशी.

यादीच्या मागच्या बाजूला बदलू नयेत असे शब्द. धुरा, पांदण (शेताकडे जाणारी वाट), बंडी, सुडी (कापलेल्या पिकाचा ढीग), कुटार (पिकाचा भुसा), रेती. ‘पांदण रस्ता’चं ‘पाणंद’ करायची गरज नाही. ‘शेतातून बंडी चोरीला’ म्हणजे बैलगाडी चोरीला गेली आहे, अंगातला कपडा नव्हे. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांवर शिकलेल्या उपसंपादकाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पानाच्या छापील प्रतीवर तीन खुणांची तपासणी करावी. प्रत्येक बातमीत पद, क्रिया आणि तारीख या तिघांभोवती लाल पेनाने गोल. १० ते १२ बातम्यांच्या पानावर तीस-पस्तीस गोल होतात. मग फक्त ते गोल, वार्ताहराच्या मूळ संदेशाशी ताडून, मोठ्याने वाचावेत. आठ-दहा मिनिटांचं काम आहे. पूर्ण पान पुन्हा वाचायला पाऊण तास लागतो आणि तो डाकेच्या पानाला कधीच मिळणार नाही, त्यामुळे तसा नियम करण्यात अर्थ नाही.

शीर्षकाला एकच कडक नियम : शीर्षकातली क्रिया आणि पहिल्या परिच्छेदातली क्रिया शब्दशः एक असली पाहिजे. जागा पुरत नसेल तर क्रिया सोडून दुसरं काहीही कापावं. या प्रकरणात ‘गणपूर्तीअभावी’ हा एकटा शब्द ७ अक्षरं खात होता आणि वाचकाच्या दृष्टीने तोच सगळ्यात कमी कामाचा होता. ‘ग्रामसभा आता ९ ऑक्टोबरला’ हे शीर्षक १२ अक्षरांचं आहे, चौदाच्या जागेत आरामात बसतं, त्यात तहकूब-रद्दचा प्रश्नच येत नाही, आणि फोटो काढून फिरवलं तरी गावाला जे कळायला हवं तेच कळतं. बातमीच्या शेवटच्या परिच्छेदातली तारीख पहिल्यात आणली असती तरी निम्मं नुकसान टळलं असतं.

वार्ताहराकडून एवढंच मागावं की संक्षेप लिहू नयेत आणि मजकुराच्या खाली एक वेगळी ओळ द्यावी : कोण, काय केलं, पुढची तारीख. बोलून टंकणं बंद करा असं सांगण्यात शहाणपण नाही. वावरातून, एसटीतून, रुग्णालयाच्या आवारातून बातमी देणाऱ्या माणसाचं ते मुख्य साधन आहे. ही खालची ओळ मात्र त्याने बोटाने टंकावी. वरचा शब्द आणि खालचा शब्द जुळले नाहीत की डेस्कवरून फोन करायचा.

दुरुस्तीचे सहा दिवस

३ ऑक्टोबरला दुपारी गावातून वार्ताहराला फोन आला होता. त्याने आपला मजकूर पाहिला, त्यात ‘रद्द’ कुठेच नव्हतं, आणि ‘बातमी बरोबर आहे’ असं उत्तर दिलं. छापलेलं शीर्षक त्याने पाहिलं नव्हतं. डेस्कपर्यंत तक्रार गेलीच नाही. ४ ते ८ ऑक्टोबर या पाच अंकांपैकी कुठल्याही अंकात दुरुस्ती आली असती तर ती उपयोगाची होती. ९ नंतरची दुरुस्ती ही फक्त नोंद.

म्हणून तक्रार घेताना पहिला प्रश्न ‘बातमीत काय चुकलं’ हा नको, ‘पानाचा फोटो पाठवा’ हे सांगणं हवं. आणि चूक लक्षात आल्यावर त्यात पुढची तारीख गुंतलेली आहे का, हे आधी पाहावं. असेल तर दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी, त्याच पानावर, निदान दोन कॉलममध्ये गेली पाहिजे. चूक कळताच ती ठळकपणे दुरुस्त करावी अशी अपेक्षा भारतीय प्रेस परिषदेच्या आचारनियमांतही आहे. एरवी दुरुस्तीत चुकीचा शब्द पुन्हा छापू नये असं शिकवतात. इथे तो छापावाच लागतो, कारण फिरणारं कात्रण लोकांच्या हातात आहे आणि दुरुस्ती कशाची आहे ते त्यांना कळलं पाहिजे :

‘३ ऑक्टोबरच्या अंकात (पान ३) ग्रामसभा रद्द झाल्याचे शीर्षक चुकीचे होते. सभा तहकूब झाली असून ती ९ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजता ग्रामपंचायत कार्यालयात होईल. या सभेला गणपूर्तीची अट नाही. उपस्थित ग्रामस्थ निर्णय घेऊ शकतील. सभेचे आवाहन गटविकास अधिकाऱ्यांनी नव्हे, ग्रामविकास अधिकाऱ्यांनी केले आहे.’

शेवटचं वाक्य अनेक डेस्क गाळतात, एका दुरुस्तीत दोन चुका कबूल करायला नको म्हणून. पण चुकीच्या अधिकाऱ्याच्या नावावर विधान राहिलं तर दुसरा खुलासा छापावा लागतो आणि तो त्या कार्यालयाच्या पत्रावर येतो.

ई-पेपरचं पान सहसा बदलत नाहीत, तिथे जुनंच शीर्षक राहतं. संकेतस्थळावरची बातमी मात्र त्याच दिवशी सुधारून वर दुरुस्तीची ओळ द्यावी, आणि बातमीच्या पत्त्यात ‘रद्द’ शब्द गेला असेल तर तोही बदलून घ्यावा, नाहीतर दुवा पाठवला की चुकीचा शब्दच आधी दिसतो. दुरुस्तीचा मजकूर चित्र करून वार्ताहरामार्फत गावाच्या ग्रुपवर टाकावा. कात्रण जिथे फिरलं तिथेच ती जायला हवी, कारण त्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी अंक हातात घेतलेलाच नसतो.